बेंचवरचे दिवस

(१९९५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटे दिली आहेत आणि आठवणी सांगायला सांगितले आहे. आठवणी मी सांगणारच. पण आज जेवणानंतर आपल्याला एक ठरावही करायचा आहे, हे तुम्हाला माहीत आहे. आपल्या तुकडीने जमवलेल्या निधीतून शाळेला कमान बांधून द्यायची की दुसरे काही करायचे? माझे मत 'दुसरे काही' असे आहे. त्यामुळे या आठवणींच्या आडून मी तुमची मते फोडायला उभी आहे, हे आधीच कबूल करते. नंतर कुणी फसवले म्हणायला नको.

आधी एक घड्याळ आठवा. दहावीच्या निरोप समारंभात आपण शाळेला भिंतीवरचे घड्याळ भेट दिले होते. वर्गप्रतिनिधी म्हणून वर्गणी मी गोळा केली. प्रत्येकी दहा रुपये, एकसष्ट मुले, सहाशे दहा रुपये. हिशेबाची वही आईच्या ट्रंकेत परवा सापडली, म्हणून आकडा बरोबर सांगते. खाली तुकडीचे नाव रंगवून घ्यायला वेगळे तीस रुपये लागले, ते वडिलांनी दिले. सकाळी मी ऑफिसबाहेर जाऊन पाहिले. घड्याळ नाही. खिळा आहे.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात आपल्यातला एक मुलगा पुण्याला जायचा राहिला. तो आज तिसऱ्या रांगेत बसला आहे. त्याचे नाव मी घेणार नाही, तशी त्याची अट आहे. तुम्ही सगळे त्याला ओळखताच. शाळेच्या त्या फुटक्या डग्ग्यावर, ज्याच्या पुडीला कडेने चिकटपट्टी लावलेली असायची, त्यावर तो जे वाजवायचा, ते ऐकायला वरच्या वर्गातली मुलेही खिडकीशी येत. आठवीत असताना आंतरशालेय स्पर्धेत त्याचा पहिला नंबर आला. बक्षीस म्हणून स्टीलचा डबा आणि प्रमाणपत्र मिळाले. आपण टाळ्या वाजवून हात लाल केले होते.

दहावीनंतर पुण्यातल्या एका गुरुजींनी त्याला शिकवायची तयारी दाखवली. फी नको म्हणाले. प्रश्न फक्त खोलीभाडे आणि खानावळीचा होता. महिन्याला चारशे रुपये. घरची परिस्थिती आपल्याला ठाऊक होती आणि त्याच्या नशिबात काय चालले आहे, तेही ठाऊक होते. जूनमध्ये तो मामांच्या हार्डवेअरच्या दुकानात उभा राहिला.

हे सांगायची परवानगी मागायला मी त्याला महिनाभरापूर्वी फोन केला. तो म्हणाला, "सांग की. पण मला बिचारा करू नकोस. दुकान माझं झ्याक चाललंय." मग थोडा थांबून म्हणाला, "टाळ्या लई मिळाल्या गं मला. खोलीचं भाडं तेवढं कुणी दिलं न्हाई."

या वाक्यात तक्रार नव्हती. मालाचा भाव सांगावा तसे तो बोलला. पण तेव्हापासून ते माझ्या डोक्यातून जात नाही. आपण वाईट मुले नव्हतो. सहाशे दहा रुपये आपण जमवू शकत होतो, आणि ते आपण घड्याळाला दिले. गाण्या-वाजवण्याला पैसे लागतात, हे आपल्याला कुणी शिकवलेच नव्हते. आपल्याला शिकवले होते की कला ही देणगी असते. देणगी म्हटले की प्रश्न मिटतो. देवाने दिली, आता आपण काय द्यायचे?

आता माझी गोष्ट सांगते. बारावीनंतर मला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. चार वर्षांनी, २००१ मध्ये, मी पुण्यात नोकरीला लागले. त्याच सुमारास डॉट-कॉमचा फुगा फुटला होता. कंपनीकडे काम नव्हते. आमच्या व्यवसायात 'बेंच' नावाची एक गोष्ट असते. माणूस नोकरीत आहे, पगार मिळतो आहे, पण त्याला अजून प्रकल्प मिळालेला नाही, तर तो 'बेंचवर' आहे असे म्हणतात. मी चार महिने बेंचवर होते. रोज ऑफिसात जायचे, पुस्तके वाचायची, प्रोग्रॅम लिहायचे, ते चुकायचे, मोडायचे, पुन्हा लिहायचे. कंपनीला माझ्यापासून एका रुपयाचा फायदा नव्हता. तरी महिनाअखेर पगार जमा व्हायचा. आज माझ्या हाताखालच्या मुलांना मी जे शिकवते, त्यातले निम्मे मी त्या चार महिन्यांत शिकले.

आमच्या व्यवसायाला हा खर्च परवडतो. बँक शिक्षणासाठी कर्ज देते, सरकार कॉलेजला अनुदान देते, कंपनी बेंचवर बसवून पगार देते. म्हणजे बऱ्यापैकी इंजिनिअर होईपर्यंत तिघे जण आमचा भार उचलतात. तबलजीला तयार व्हायला आमच्यापेक्षा कितीतरी जास्त वर्षे लागतात. त्याचा भार कोण उचलतो?

आपण मिरजेत वाढलो, तेव्हा याचे उत्तर आपल्या पायाखालीच पडलेले आहे. शाळेत जाताना आपण ज्या सतारमेकर गल्लीतून सायकली घुसवायचो, ती आठवा. भोपळ्यांची ती रास, आणि जवारी काढताना येणारा तो एकच एक 'टंणं' असा आवाज. ती माणसे मुळात शिकलगार, हत्यारे घडवणारी. दीडेकशे वर्षांपूर्वी फरीदसाहेबांनी वाद्ये घडवायला घेतली. पण ती टिकली कशामुळे? वाद्ये दुरुस्त करून घेणारे, विकत घेणारे, गवयांना पदरी ठेवणारे संस्थानिक होते म्हणून. २०२४ साली मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा आपल्या ग्रुपवर दिवसभर अभिमानाचे संदेश फिरले. त्या मानांकनाच्या मुळाशी कुणीतरी वेळेवर मोजलेला पैसा आहे.

दुसरे उदाहरण विष्णू दिगंबर पलुस्करांचे. जन्म १८७२, कुरुंदवाड. लहानपणी फटाक्याने डोळ्यांना इजा झाली. उपचारासाठी त्यांना मिरजेला आणले. दृष्टी पुरती काही सुधारली नाही, शाळेचे शिक्षण संपले. तेव्हा मिरजेच्या संस्थानिकांनी त्यांची सोय बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे लावून दिली. म्हणजे राहणे, जेवण आणि गाणे. आजच्या भाषेत ती शिष्यवृत्तीच. त्या मुलाने पुढे ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. त्यांच्या शिष्यांमध्ये ओंकारनाथ ठाकूर, आपल्या मिरजेचे विनायकबुवा पटवर्धन, बी. आर. देवधर. देवधरांनी मुंबईत आपली संगीतशाळा चालवली आणि तिथे अकरा-बारा वर्षांचा एक मुलगा शिकायला आला, तो कुमार गंधर्व. साखळी मोजा. दृष्टी अधू झालेल्या एका पोराच्या जेवणाची सोय झाली, आणि तिथून निघालेला धागा कुमारजींपर्यंत गेला. खर्च करणाऱ्याला यातले काही दिसणार नव्हते. त्याने हिशेब मागितला असता, तर काय दाखवता आले असते?

कुमारजींनाही पुढे 'बेंच' लागला. क्षयाच्या आजारामुळे काही वर्षे त्यांना गाता येत नव्हते. देवासला अंथरुणावर पडून माळव्यातली लोकगीते ते ऐकत राहिले. त्या काळात घर भानुमतीताईंनी सांभाळले. कुमारजी पुन्हा गायला बसले, तेव्हा त्या गाण्यात तो माळवा होता. बाहेरून पाहणाऱ्याला ती वर्षे रिकामी दिसली असती.

आता संस्थाने नाहीत. मग आज काय आहे? मी गेले काही महिने हे शोधत होते. सगळे सांगत बसत नाही, तीन गोष्टी सांगते.

पहिली, लहान मुलांसाठी. केंद्र सरकारच्या सीसीआरटी या संस्थेची सांस्कृतिक प्रतिभा शोध शिष्यवृत्ती आहे. वय १० ते १४. दुसरी, केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठीची शिष्यवृत्ती. वय १८ ते २५, महिन्याला ५,००० रुपये, दोन वर्षे. म्हणजे एकूण १ लाख २० हजार, सहा-सहा महिन्यांच्या चार हप्त्यांत. तिसरी गोष्ट पुरस्कारांची. संगीत नाटक अकादमी २००६ पासून उस्ताद बिस्मिल्ला खाँ युवा पुरस्कार देते. २५,००० रुपये आणि ताम्रपत्र. त्याची वयोमर्यादा ४० आहे. आमच्या व्यवसायात चाळिशी आली की "आता मॅनेजर व्हा" म्हणतात, आणि तिथे चाळिशीपर्यंत युवा! मला आधी हसू आले. मग लक्षात आले, की ज्यांनी हा नियम केला त्यांना गाणे पिकायला किती वेळ लागतो, ते ठाऊक होते.

या यादीत दोन फरक तुमच्या लक्षात आणून द्यायचे आहेत.

पहिला फरक पुरस्कार आणि शिष्यवृत्तीतला. पुरस्कार पोचल्यावर मिळतो. शिष्यवृत्ती वाटेत मिळते. पुरस्काराने नाव होते, कार्यक्रम मिळतात, घरच्यांचा विश्वास बसतो. ते कमी नाही. पण आपल्या मित्राला सोळाव्या वर्षी ताम्रपत्राचा उपयोग नव्हता. त्याला दर महिन्याच्या एक तारखेला चारशे रुपये हवे होते.

दुसरा फरक वयातला. १४ पर्यंत एक योजना, १८ नंतर दुसरी. मधली चार वर्षे? लहानपणी शिष्यवृत्ती मिळालेल्या मुलाला ती पुढे चालू ठेवता येते. पण ज्याला १४ पर्यंत कुणी सांगितलेच नाही, त्याचे काय? गेल्या महिन्यात मी शाळेत आले होते, तेव्हा गायनाच्या बाईंनी मला नववीतल्या एका मुलीचे गाणे ऐकवले. आवाज ऐकून मी घाईघाईने मोबाईलवर तो नियम काढला. मुलीला पंधरावे लागून तीन महिने झाले होते. योजना होती, पैसे होते, मुलगी होती. अर्ज भरून देणारा माणूस नव्हता. यात मी कुणाला दोष देत नाही. आपल्या तुकडीत पाच सॉफ्टवेअरवाले आहेत, दोन वकील आहेत, एक सीए आहे. दिवसभर आपण फॉर्मच भरत असतो. आपल्यापैकी एकालाही गेल्या तीस वर्षांत शाळेत फोन करून हे विचारावेसे वाटले नाही.

आता ग्रुपवर निघालेल्या एका शंकेबद्दल. "संगीत म्हणजे शास्त्रीयच ना? की उद्या रॅप करणाऱ्यालाही पैसे देणार?" शंका विचारणारा समोर बसला आहे आणि हसतो आहे. त्याला माझे उत्तर असे. १९४० साली रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली होती. ती पेटी परदेशी, आपल्या गाण्याला चालणारी नव्हे, असे मोठमोठ्या जाणकारांचे मत होते. बंदी अनेक वर्षे टिकली. आज पेटीशिवाय आपले भजन उभे राहत नाही. सनई हे लग्नाच्या दारात बसवायचे वाद्य होते. ते मैफिलीत आणणाऱ्या बिस्मिल्ला खाँसाहेबांना २००१ साली भारतरत्न मिळाले आणि आज तरुणांचा पुरस्कार त्यांच्याच नावाने दिला जातो. दारात कुणाला बसवायचे आणि आत कुणाला घ्यायचे, हे ठरवताना आपण अनेकदा चुकलो आहोत.

बंगळुरूला 'टोटो फंड्स द आर्ट्स' नावाचा एक न्यास आहे. अंगिरस वेल्लानी हा तरुण ऐन उमेदीत गेला. घरचे त्याला टोटो म्हणत. संगीत, साहित्य आणि चित्रपट यांचे त्याला वेड होते. त्याच्या आठवणीसाठी २००४ साली हा न्यास निघाला. तो तिशीच्या आतल्या कलाकारांना पुरस्कार देतो, आणि त्यात संगीताचाही आहे. तिथे स्वतःचे गाणे रचणारे बँडसुद्धा येतात. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. माणूस गेला, तर आपण त्याच्या नावाने बाक ठेवतो, पाणपोई बांधतो. इथे त्याला जे आवडायचे ते करणाऱ्या तरुणांच्या मागे माणसे उभी राहिली.

आपल्या गावात हलगी वाजवणारी मुले आहेत, बँडपथकात ट्रम्पेट फुंकणारी आहेत, उरुसात कव्वालीला टाळी धरणारी आहेत, चर्चमध्ये गाणारी आहेत, आणि हो, बापाच्या जुन्या लॅपटॉपवर ताल रचणारीही आहेत. माझी अट एकच. तो रोज बसतो का? रोज बसणारा असेल, तर त्याचा प्रकार मला विचारायचा नाही.

आता ठराव. आपल्याकडे ४ लाख ८० हजार रुपये जमले आहेत. कमानीचा अंदाज साडेचार लाखांचा आहे. हीच रक्कम मुदत ठेवीत ठेवली आणि व्याज सात टक्के धरले, तर वर्षाला ३३,६०० रुपये होतात. एका मुलाला किंवा मुलीला महिन्याला २,५०० दिले, तर वर्षाचे ३०,००० झाले. उरलेले ३,६०० पुडी, तारा, जवारी, वाद्याची दुरुस्ती यांसाठी. मुद्दलाला हात लागत नाही. एका वेळी एकच मूल, दोन वर्षे. वय १४ ते १८, म्हणजे जिथे योजनांमध्ये खड्डा आहे तिथेच. निवड करायला तिघे: गायनाच्या बाई, सतारमेकर गल्लीतले एक कारागीर आणि गावाबाहेरचे एक वादक किंवा गायक. आपल्यापैकी कुणीही नाही, म्हणजे भाच्या-पुतण्यांचा प्रश्न येणार नाही. पैसे एक तारखेला खात्यात जातील. समारंभ नाही, शाल नाही, श्रीफळ नाही, फोटो नाही. तीन महिन्यांतून एकदा त्या मुलाने याच सभागृहात अर्धा तास गावे-वाजवावे, आणि आपल्यापैकी जे गावात असतील त्यांनी येऊन ऐकावे. स्पर्धा जिंकण्याची अट नाही. दोन वर्षांनी त्याने संगीत सोडून डिप्लोमाला प्रवेश घेतला, तरी एक पैसा परत मागायचा नाही. मी बेंचवर जे प्रोग्रॅम मोडले, त्याचे पैसे माझ्याकडून कुणी परत मागितले नव्हते.

आणि ज्यांना पैसे द्यायचे नाहीत, त्यांच्यासाठीही काम आहे. दर जूनमध्ये दोघांनी शाळेत यायचे. दहा ते चौदा वयाच्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्या मुलांची यादी बाईंकडून घ्यायची आणि त्यांचे सरकारी शिष्यवृत्तीचे अर्ज बसून भरून द्यायचे. या वर्षीचे मी भरते. पुढच्या वर्षीसाठी मला एक नाव हवे आहे.

कमान वाईट आहे, असे मी म्हणत नाही. तिच्यावर आपल्या तुकडीचे नाव दिसेल, आणि पुढच्या वेळी येऊ तेव्हा तिच्याखाली उभे राहून फोटो काढू. माझ्या योजनेत नाव कुठेच दिसणार नाही. ज्या मुलाला पैसे मिळतील, तो कदाचित मोठा होणारही नाही. बहुतेक जण मोठे होत नाहीत. आपण तरी कुठे झालो? पण सोळाव्या वर्षी त्याला निवडीची संधी मिळाली असेल. दुकानात उभा राहिला, तर तो स्वतःच्या मर्जीने उभा राहील.

तिसऱ्या रांगेतल्या मित्राला मी फोनवर शेवटी विचारले होते, "कमान की हे?" तो म्हणाला, "माझं मत धरू नका. मी पार्टी आहे." पण संयोजकांनी मला आत्ताच सांगितले, की काल संध्याकाळी त्याने निधीत स्वतंत्रपणे ४,८०० रुपये भरले. चारशेप्रमाणे बारा महिन्यांचे. पावतीवर कारणाच्या जागी त्याने 'खोलीभाडे' असे लिहिले आहे.

जेवणानंतर मतदान आहे. सगळ्यांनी थांबावे, ही विनंती.